सोबत पुरुष माणूस कोण?

अन्याय झाला तो माझ्या मावशीवर. कधी झाला तेही आधीच सांगते: गेल्या मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी, भर दुपारी, दौंडमधल्या एका खासगी दवाखान्यात, ओपीडीचं शटर अर्धं खाली आलेलं असताना. कोणावर आणि कधी, हे पहिल्याच ओळीत लिहायचं ही मला पत्रकं लिहून लागलेली सवय. लोक पत्रकाची पहिली ओळ वाचतात आणि उरलेल्या कागदात भजी गुंडाळतात.

तर त्या गुरुवारी तिथल्या सर्जनने मावशीला कॅन्सर असल्याचं सांगितलं. मावशी तेव्हा बाहेर चहा पीत होती. सांगितलं ते फुलांच्या टेम्पोच्या ड्रायव्हरला.

मावशी केडगावच्या पलीकडं मळ्यात राहते आणि शेवंती लावते. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा रांजणगावच्या कंपनीत, कारेगावात खोली करून राहतो, सुट्टीच्या दिवशी येतो. छातीत गाठ लागतेय हे तिला नवरात्रातच कळलं होतं, पण मार्गशीर्षाचे गुरुवार म्हणजे शेवंतीवाल्यांचा सगळा हंगाम, त्या दिवसांत शेवंतीवाली बाई स्वतःच्या अंगात काय चाललंय ते बघत नाही. मधे एकदा जाऊन तिनं सुई घालून तपासणी तेवढी करून घेतली. निकाल आणायला मात्र शेवटच्या गुरुवारचा माल मार्केटला रवाना होईपर्यंत थांबली.

टेम्पोवाला तिची फुलं वर्षानुवर्षं पुण्याला नेतो. दौंडच्या जुन्या मुसलमान घरातला. त्याच्या आजोबांनी याच मळ्यांचा माल बैलगाडीतून स्टेशनला ओढलेला. मावशी त्याला भाऊ म्हणते, तो तिला आक्का म्हणतो, मी त्याला मामा म्हणते. मार्केटवरून रिकामा टेम्पो घेऊन तो घरी चालला होता, वाटेत मावशीला घेतलं, दवाखान्यापाशी सोडलं. ती पिशवी सीटवर विसरली, म्हणून हा पिशवी घेऊन तिच्यामागं आत गेला. एवढाच त्याचा गुन्हा. पिशवी हातात धरून दारात उभा राहिलेला पुरुष बघितला की आपल्याकडच्या डॉक्टरला दुसरं काही विचारायची गरज वाटत नाही.

"मावशी, तुम्ही बाहेर बसा जरा. चहा घ्या. तुम्ही आत या हो."

पुढचं मामांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. मावशीच्या अंगणात बसून त्यांनी ते इतक्या वेळा सांगितलंय की मला पाठ झालंय.

"मला वाटलं, टेम्पो रॅम्पवर लावलाय म्हणून बोलावलं. मी म्हणलं, सायेब, चुकलं, लगेच काढतो. तर ते म्हणले, बसा. म्हणलं, बसत न्हाई, आदी गाडी काढतो. तर म्हणले, शांत बसा, मनाची तयारी ठेवा. म्हणलं, उचलून नेला का काय टेम्पो?"

मग सर्जननी सांगितलं. गाठ चांगली नाही, कॅन्सर आहे, ऑपरेशन करावं लागेल. आणि वरून हे: "पेशंटला लगेच बोलू नका, खचतात. आधी घरात बोलून घ्या."

"मग तुम्ही सांगितलं का नाही, की मी ड्रायव्हर आहे म्हणून?" मी विचारलं होतं.

"कवा सांगू? त्यांनी तोंड उघडलं आन् सांगूनच मोकळे झाले. आता सांगून झाल्यावर मी काय म्हणू, सायेब, परत घ्या?"

काका गेल्यापासून कपाळ मोकळं असलेली शेतकरी बाई, बाजूला विणलेली पांढरी टोपी घातलेला माणूस. दोघांकडं एकदा नीट बघितलं असतं तरी सर्जनना शंका यायला हरकत नव्हती. पण त्यासाठी बघावं लागतं. त्यांना फक्त पुरुष दिसला. पुरुष दिसला की नातेवाईक सापडला, नातेवाईक सापडला की पेशंटला चहाला पाठवायचं. आमच्या दौंड-शिरूर दोन्ही तालुक्यांत ही पद्धत इतकी रुळलेली आहे की रिसेप्शनवरच्या मुली नाव विचारायच्या आधी विचारतात, "सोबत पुरुष माणूस कोण?"

मामा बाहेर आले. मावशीला आणखी एक चहा पाजला, वर क्रीमरोल घेऊन दिला. मावशी मला नंतर म्हणाली, "इतक्या वर्सांत त्यानं मला कदी क्रीमरोल दिला न्हाई. तवाच मला शंका यायला पायजे हुती." येताना टेम्पो इतका हळू चालवला की उसाचे ट्रॅक्टर मागून भोंगे वाजवत पुढं गेले. निकालाचं विचारलं तर म्हणाले, "डॉक्टर म्हणले, परत बोलावतो."

आणि मग मामांनी डॉक्टरांची आज्ञा अक्षरशः पाळली. घरात बोलून घ्या म्हणाले, ते बोलले. स्वतःच्या घरात. मामी रडल्या. मामींची बहीण केडगावात दिलेली आहे, तिला कळलं. मग मामींच्या बहिणीच्या शेजारणीला, मग फुलं तोडायला येणाऱ्या बायकांना, मग किराणा दुकानदाराला. मावशी आणि मावशीचा मुलगा सोडून अख्ख्या पंचक्रोशीला मावशीचा निकाल कळला. कारेगावच्या मुलाचा नंबर मामांकडं नव्हता, आणि आक्काला सांगू नका असं खुद्द डॉक्टरांनी बजावलेलं.

गावानं काय केलं? गाव गोड बोलायला लागलं.

ते गोड बोलणं ज्यानं बघितलं नाही त्याला त्याची दहशत कळणार नाही. शेजारची बाई, जिच्याशी मावशीचं विहिरीच्या मोटारीला मिळणाऱ्या लाइटच्या पाळीवरून दर आठवड्याला भांडण, ती येऊन म्हणाली, "आक्का, आज मोटार तुमीच चालवा, आमचं काय, उद्या बघू." दुकानदारानं गूळ देताना आतला चांगला काढून दिला. फुलं तोडणाऱ्या बायका, ज्या एरवी मावशीची पाठ वळली की तंबाखू मळत बसायच्या, त्या तिला म्हणायला लागल्या, "तुमी सावलीत बसा, आमी हाय की." एकीनं तर जाता जाता पायाच पडून घेतलं.

"पाया पडली, गं!" मावशी फोनवर ओरडली. "जी बाई माझ्या बांधावरची कोथमीर चोरती, ती पाया पडली! मी काय मेली का काय, म्हणलं. सगळं गाव माझ्याशी मेलेल्या माणसासारखं वागाया लागलंय."

दुसऱ्या दिवशी ती टेम्पोत पुढच्या सीटवर जाऊन बसली. मामा म्हणाले, कुठं सोडू? ती म्हणाली, कुठंबी. चौफुल्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, टेम्पो ना पुढं ना मागं. तिथं तिनं विचारलं, "भाऊ, मला काय झालंय?" मामांनी हॉर्न वाजवून बघितला. ट्रॉल्या हलल्या नाहीत. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून ते रडले आणि त्यांनी सांगितलं.

मावशीला असं कळलं. उसाच्या ट्रॉलीमागं, धुरळ्यात, एका भल्या माणसाच्या तोंडून, ज्याला त्यातलं काहीही कळत नव्हतं. तिनं विचारलं, किती वाढलाय? माहीत न्हाई. ऑपरेशन कसलं? माहीत न्हाई. मी जगणार का? त्यावर मामांनी पुन्हा हॉर्न वाजवला.

संध्याकाळी तिचा मला फोन. "तुझं ते पत्रकं काढायचं चालू हाय का बंद पडलं?"

शिरूरमध्ये एका झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत आमचं काम चालतं. रस्ते, रेशन, कंपन्यांतल्या कंत्राटी पोरांचे प्रश्न. पत्रकाचं शीर्षक 'जाहीर निषेध' असलं की तालुक्यातल्या अर्ध्या कचेऱ्यांना कळतं की मजकूर माझा आहे. मी सकाळच्या एसटीनं न्हावऱ्यावरून मावशीकडं गेले. मनात पत्रक तयार होतं. मावशीनं मला बसवलं आणि म्हणाली:

"निषेध नंतर कर. मला मरायची भीती वाटत न्हाई असं काय मी म्हणणार न्हाई. लई भीती वाटती. पर आदी मला कळू दे, मला काय झालंय आन् हे माझं काय करणार हायेत. मंग मी ठरवीन घाबरायचं का न्हाई."

एवढीच मागणी. मी आजवर लिहिलेल्या सगळ्या मागण्यांपेक्षा लहान. आणि ती मिळवायला आम्हाला संक्रांत ओलांडावी लागली.

मधल्या दिवसांत दवाखान्याला खरा नातेवाईक सापडला: मावशीचा मुलगा. पोरगा चांगला आहे, आईवर जीव आहे. माझा फोन गेल्यावर रजा टाकून दौंडला गेला, सर्जनसमोर बसला, ते म्हणाले छाती पूर्ण काढायची, हा हो म्हणाला. ऑपरेशनचा दिवससुद्धा ठरवून आला.

"तिला विचारलंस?" मी म्हणाले.

"अगं ताई, आईला कशाला टेन्शन? डॉक्टर म्हणले, एवढंच योग्य हाय."

"दुसरा काही मार्ग आहे का, विचारलंस?"

"त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं ना?"

"तुझा मोबाइल बिघडला तर चार दुकानं फिरतोस."

मावशी चुलीपाशी होती. सगळं ऐकत होती, आणि आम्ही दोघं तिच्याबद्दल असं बोलत होतो जणू ती शेजारच्या गावात आहे. तिनं फुंकणी खाली आपटली. आम्ही दोघं दचकलो. "झालं का तुमचं? मी हाय हितं," ती म्हणाली.

मग मी आणि मावशी दौंडला गेलो. सर्जन भेटले नाहीत, व्यवस्थापक भेटले. केबिनमध्ये एसी, टेबलावर गणपती, चेहऱ्यावर समजूत.

"मॅडम, नातेवाईकांना पूर्ण कल्पना दिलेली आहे."

"कोणत्या नातेवाईकांना? आधी ज्यांना सांगितलंत ते टेम्पोचे ड्रायव्हर होते."

"कोणीतरी पुरुष होता ना सोबत."

"दवाखान्याबाहेर पानटपरीवालाही पुरुषच आहे. त्याला सांगितलं असतं तर फुलांचा टेम्पो यायची वाट तरी बघावी लागली नसती."

"मॅडम, आमचा हेतू चांगला असतो. पेशंट घाबरतात. कॅन्सर म्हटलं की पळून जातात, बाबा-बुवाकडं जातात. म्हणून आम्ही घरच्यांना विश्वासात घेतो."

हे सगळं ते माझ्याकडं बघून बोलत होते. मावशी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. म्हणजे या खोलीत आता पुरुष नव्हता, तर शिकलेली भाची पुरुष झाली होती.

मग पत्रक निघालं. 'डॉक्टर, तुमचा पेशंट नक्की कोण?' शिरूरच्या एसटी स्टँडवर वाटलं, दौंडला स्टेशनबाहेर पुण्याच्या गाडीच्या वेळेला वाटलं. मावशीचं नाव कुठं नव्हतं, दवाखान्याचंही नव्हतं, आणि तरी दोन्ही सगळ्यांना कळलं. रेल्वे कॉलनीतल्या बायका पत्रक वाचून थांबायच्या आणि स्वतःचंच सांगायला लागायच्या. एकीच्या गर्भाशयाचं तिच्या दिरानं ठरवलेलं. एकीच्या नवऱ्याला शेवटपर्यंत सांगितलंच नाही, तो मुलांच्या पुढच्या वर्षीच्या शाळेच्या वह्यांची चौकशी करत गेला. ते ऐकताना माझ्या हातातली पत्रकं तशीच राहायची.

दवाखाना हादरला. म्हणजे त्यांनी कार्यशाळा घ्यायची ठरवली. आपल्याकडं माणूस चुकला की माफी मागतो, संस्था चुकली की कार्यशाळा घेते. 'सहृदय संवाद कार्यशाळा.' आणि आम्हाला निमंत्रण: भाचीला 'समाजाच्या प्रतिनिधी' म्हणून, मावशीला 'विशेष अतिथी' म्हणून. ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात होतं. विशेष अतिथीला दवाखान्यातल्या कोणी अजून एक अक्षर सांगितलेलं नव्हतं.

हॉल मंगल कार्यालयाचा. मागं बॅनर, त्यावर दोन हातांच्या ओंजळीत एक लालभडक हृदय. ते बघून मामा हळूच म्हणाले, "कुणाचं काढलं म्हणायचं हे?" मामाच आम्हाला घेऊन आले होते. दारातल्या टेबलावर मुलीनं त्यांना विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?" मामा दोन पावलं मागं सरले. "कुणी न्हाई, ताई. खरंच कुणी न्हाई. मला काय बी सांगू नका."

प्रत्येकाला एकेक गुलाब दिला. मावशीनं तो दोन बोटांत धरून फिरवला, खालच्या पाकळ्या बघितल्या, आणि म्हणाली, "शिळा हाय. पाणी मारून ताजा केलाय." मग हॉलकडं एक नजर टाकली. "सगळंच तसलं दिसतंय."

शिकवणारे गृहस्थ पुण्याहून आलेले. कॉलरला माइक, आवाज लोण्यासारखा. त्यांनी सहृदयतेच्या पायऱ्या पडद्यावर दाखवल्या. डोळ्यांत बघा. नावानं हाक मारा. खुर्ची जवळ घ्या. मान हलवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विराम. "वाईट बातमी सांगितल्यावर बोलू नका. थांबा. त्या शांततेत करुणा असते."

मग सगळ्या दवाखान्यानं थांबण्याचा सराव केला. नर्स नर्सच्या डोळ्यांत बघून थांबल्या. लॅबवाला मेडिकलवाल्याच्या डोळ्यांत बघून थांबला, दोघांना हसू फुटलं. भूल देणारे डॉक्टर इतके छान थांबले की त्यांना झोप लागली. शेजारी बसलेल्या जुन्या सिस्टर माझ्या कानात म्हणाल्या, "एवढं थांबायला लागलो तर सकाळची ओपीडी तिन्हीसांजेला संपायची. वॉर्डात आम्ही दोघी असतो, बाई. आधी माणसं द्या म्हणावं, मग थांबतो आम्ही." हे मला पटलं. पुढच्या पत्रकासाठी लिहूनही घेतलं.

शेवटी प्रात्यक्षिक. प्रसंग: पेशंटला कॅन्सर असल्याचं सांगणे. डॉक्टरांच्या भूमिकेत खुद्द आमचे सर्जन. पेशंटच्या भूमिकेत एक तरुण सिस्टर. स्टेजवर दोन खुर्च्या समोरासमोर. शिकवणाऱ्यांनी दुसरं काही सांगितलं नव्हतं. दोनच माणसं, दोनच खुर्च्या.

सिस्टर बसली. सर्जननी खुर्ची जवळ घेतली, हसले, नावानं हाक मारली, आणि इतक्या मायेनं विचारलं की कोणालाही वाटावं आता खरंच काहीतरी नवं होणार:

"ताई, तुमच्यासोबत कोण आलंय?"

आणि काय सांगू? कोणी काही म्हणायच्या आत खालून दोघांनी वॉर्डबॉयना, म्हणजे वॉर्डातल्या मामांना, ढकलून स्टेजवर चढवलं. कोणीतरी तिसरी खुर्ची दिली. हसलं नाही कोणी, थट्टा म्हणून नाही केलं. पेशंट बाई आहे तर एक पुरुष लागणार, आणला. सर्जननी आपली खुर्ची वळवली. वॉर्डातल्या मामांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कॅन्सर आहे म्हणून सांगितलं. आणि विराम घेतला. काय विराम होता! वॉर्डातल्या मामांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. पेशंट झालेली सिस्टर त्या वेळात बांगडीत अडकलेला धागा सोडवत बसली होती.

टाळ्या पडल्या.

"सुंदर!" शिकवणारे म्हणाले. "विराम विशेष सुंदर. फक्त पुढच्या वेळी आवाज थोडा खाली."

मी उठायला गेले. भाषण घशाशी आलं होतं. मावशीनं माझा हात दाबून मला खाली बसवलं आणि स्वतः उठली. गुलाब खुर्चीवर ठेवला, पदर खोचला, स्टेजच्या पायऱ्या चढली.

"दादा, तुमी उठा," ती वॉर्डातल्या मामांना म्हणाली. ते सुटका झाल्यासारखे उतरले. मग सिस्टरला म्हणाली, "तू बी ऊठ, बाळ. खरी पेशंट आलेली हाय." आणि त्या खुर्चीत बसली. सर्जनच्या समोर. गुडघ्याला गुडघा.

"हं. सांगा आता."

सर्जननी तिच्याकडं बघितलं, मग तिच्या खांद्यावरून मागं खुर्च्यांकडं बघितलं, आणि माणूस सवयीनं बोलतो तसं बोलून गेले, "मुलगा आलाय का तुमचा?"

"मुलगा कंपनीत हाय," मावशी म्हणाली. "छाती माझ्यापाशी हाय."

आता मात्र लोक हसले. मागच्या रांगेत बसलेल्या वॉर्डातल्या आया तर तोंडाला पदर लावून. सर्जनचा चेहरा लाल झाला. मग ते थांबले. पडद्यावरच्या पायरीतलं थांबणं नव्हे हे, यात माणसाला पुढं काय बोलावं ते खरोखर कळत नाही. पहिल्यांदाच ते तिच्याकडं बघत होते, आणि मला वाटतं, गुरुवारच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदाच त्यांना कळलं की गाठ कोणाच्या तरी अंगात आहे.

"मावशी," ते हळू म्हणाले, "सगळ्यांसमोर नको. आत बोलू या का आपण? दोघंच?"

"हे पयलं शाण्यासारखं बोललात," मावशी म्हणाली आणि उठली.

मीही लगबगीनं मागं निघाले. वधूपक्षाच्या खोलीच्या दारात तिनं मला अडवलं. "तू कुठं?"

"अगं, तुला काही अडलं तर..."

"अडलं तर त्यांनाच इचारीन. तू भायेर थांब. आत आलीस तर उद्या पत्रक काढशील." आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.

मी आणि टेम्पोवाले मामा बाहेर बाकावर बसलो. आत काय चाललंय ते दोघांनाही ऐकू येत नव्हतं. मामा सामोसा खात होते आणि त्यांचा चेहरा कधी नव्हे इतका निवांत होता.

"ताई, लई बरं वाटतंय," ते म्हणाले. "ह्यावेळी मला काय बी म्हाईत न्हाई."

ते दोघं बराच वेळ आत होते. हॉलमधला पुढचा कार्यक्रम, म्हणजे प्रमाणपत्रवाटप, सर्जनवाचून खोळंबला. बाहेर आल्यावर मावशीनं जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं. मार्ग एक नव्हता, दोन होते. छाती पूर्ण काढायची, ती दौंडलाच झाली असती. किंवा नुसती गाठ काढायची आणि मग कित्येक आठवडे रोज पुण्याला जाऊन शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा. हा दुसरा मार्ग मुलाला सांगितलाच नव्हता. का? तर सर्जन म्हणाले, खेड्यातली बाई, या वयात, रोज एवढी ये-जा कोण करणार, छाती ठेवून तरी काय करायचंय, असं त्यांना वाटलं. निदान खरं बोलले. तिच्या तोंडावर बोलले.

"मग तू काय ठरवलंस?" मी विचारलं. पुण्याच्या रोजच्या गाडीचं मी मनातल्या मनात जमवायला घेतलं होतं. मोर्चासुद्धा.

"पूर्ण काढायची."

"काय?"

"मला रोज उठून पुण्याला न्हाई जायचं. माझी शेवंती हाय, माझं घर हाय. शेकानं अंग जळतं म्हणून बी इचारलं, ते बी त्यांनी नीट सांगितलं. काढायची. पर पुढच्या आठवड्यात न्हाई. आदी मला आरशात बघून घेऊ दे चार दिस. पंधरवडा थांबलं तर चालतंय, इचारून घेतलंय."

सर्जन मागंच उभे होते. मोकळे झाल्यासारखे हसले आणि मला म्हणाले, "बघा मॅडम. शेवटी आम्ही म्हणत होतो तेच झालं ना?"

या वाक्यावर मी एक पूर्ण पत्रक लिहू शकते, पण तेव्हा त्यांना एवढंच म्हणाले: साहेब, तेच झालं नाही. तुम्ही तिची छाती काढायला निघाला होतात. आता ती स्वतः काढून घेणार आहे. हा फरक कळायला तुम्हाला आणखी किती कार्यशाळा लागतील, ते त्या पुण्याच्या गृहस्थांना विचारा. त्यांनी मान हलवली. पडद्यावर दाखवली होती तशीच.

प्रमाणपत्रं सगळ्यांना मिळाली. वॉर्डातल्या मामांना, पेंगलेल्या भूलतज्ज्ञांना, मलाही. 'सहृदय संवादाचे प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल.' मावशीला तेवढं नाही मिळालं, कारण ती पेशंट, आणि पेशंटला काय येतं?

ऑपरेशन तिनं ठरवलेल्या दिवशी झालं. त्यानंतर काय झालं, ती बरी आहे का, हे मी लिहिणार नाही. हे लिहू का म्हणून तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिही की. पर पुढचं लिहू नगंस. ते माझं हाय." तुम्हाला काळजी असेल तर तिला विचारा. आवडलं तर सांगेल, नाहीतर लाइटच्या पाळीवरून शेजारणीशी चाललेलं भांडण ऐकवेल, ते पुन्हा पूर्वीसारखं जोरात सुरू झालंय.

दवाखान्यात आता बोर्ड लागलाय, 'आम्ही तुमचं ऐकतो'. मी मुद्दाम एकदा जाऊन बघून आले. बोर्डाखाली एक म्हातारी उभी होती, काचेपलीकडची मुलगी आधी नाव विचारून मग तिला विचारत होती, "आजी, सोबत पुरुष माणूस कोण?" नाव आधी विचारते, एवढी प्रगती झालीय. ती मुलगी वाईट नाही, सर्जनही वाईट नाहीत. त्यांना समोर पेशंट असताना दुसरं कोणीतरी लागतं, आणि ते दुसरं कोणीतरी त्यांना दरवेळी आयतं मिळतं. कोण देतं?

तुम्ही देता. म्हणून माझं काम तुमच्याकडं आहे, डॉक्टरांकडं नाही. आज ना उद्या तुम्ही आईबरोबर, बायकोबरोबर, सासऱ्याबरोबर, नाहीतर नुसती पिशवी धरून कोणाच्या तरी मागं, अशा एका केबिनमध्ये असाल. डॉक्टर पेशंटच्या डोक्यावरून तुमच्याकडं बघतील आणि आवाज खाली आणतील. पेशंटला म्हणतील, तुम्ही बाहेर बसा. त्या क्षणी मान हलवू नका. ऐकून घेऊ नका, घरी जाऊन सावकाश सांगू म्हणू नका. पेशंटला विचारा, मी थांबू का बाहेर जाऊ? बाहेर जा म्हणाले तर निघा. थांब म्हणाले तर थांबा, पण तोंड मिटून. आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा: "मला नको. यांना सांगा."